सगळ्यात खालचा तारा

निउताओ, ९ ऑक्टोबर १९९५

प्रिय पेलेनिके,

त्या शनिवारी सकाळी मी गळ टाकायला गेलो नाही. प्रार्थनेची घंटा झाली, मी कचेरीत गेलो, निशाण खांद्यावर टाकून घरी आणलं आणि ओसरीच्या कडेला, जिथे सकाळचं ऊन आधी येतं तिथे मांडी घालून बसलो. तुझी छोटी कात्री घेतली. विचारून घेतली नाही. तू आत चटईसाठी केवड्याची पात सोलत होतीस.

राजधानीहून, फुनाफुतीहून रेडिओवर आलेला निरोप तूही ऐकला होतास, सगळ्या बेटानेच ऐकला होता. देशाच्या नावाचा अर्थच एकत्र उभी आठ बेटं, मग निशाणावर तारे नऊ कशाला? एक काढा आणि स्वातंत्र्यदिनाला आठांचंच चढवा. कुठला काढायचा ते कोणी बोललं नाही. बोलायची गरज आहे असं इथे कोणालाच वाटलं नाही. आठ बेटांवर पूर्वजांपासून वस्ती आहे. नववं म्हणजे निउलाकिता. तिथे आपल्याच निउताओची चार घरं पाळीपाळीने खोबरं काढायला जाऊन राहतात. त्याला बेट म्हणायचं ते आपण दोघांनी. बेटाचे प्रमुख मला म्हणाले, "लापाना, निशाण रोज तूच चढवतोस, तुझा हातही चांगला आहे. तूच कर." मी म्हणालो, "बरं."

माझा हा शब्द तुला आवडत नाही, हे मला माहीत आहे.

टाके बारीक होते. निळ्या कापडाला भोक पडू नये म्हणून मी एकेक टाका उचलून कापत होतो. चार-पाच सुटले असतील, तेव्हा तू दारात आलीस.

"कुठला काढतोयस?"

"सगळ्यात खालचा."

"तो कोणाचा?"

तुला माहीत होतं, पेले. तरी तू विचारलंस. मी मान वर न करता म्हणालो, "आपला."

मला वाटलं, आता तू ओरडशील. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "काम झालं की कात्री पुसून ठेव, गंजते," आणि आत गेलीस. त्यानंतर जहाज येईपर्यंत तू माझ्याशी घरकामापुरतंच बोललीस. जहाज आलं तेव्हा तू एक पातेलं, बायबल आणि पांघरूण घेऊन निउलाकिताला निघालीस, होडीत जाऊन बसलीस. मी गुडघाभर पाण्यात होडीची कड धरून उभा होतो.

"कधी येशील?"

"पाळी संपली की."

"कोणाची पाळी?"

लाट आली, वल्हेकऱ्यांनी होडी ढकलली आणि माझा हात सुटला.

आई मजेत आहे. काल म्हणाली, "सून गेली आणि माझ्या ताटातला मासा कच्चा आला. आंधळी आहे म्हणून जिभेलाही दिसत नाही असं समजतोस का?" मी शिकतोय.

तुझी चटई अर्धीच आहे. मी गुंडाळून ठेवलेली नाही.

तुझा,
लापाना


१८ डिसेंबर १९९५

प्रिय पेले,

जहाज आलं. खलाशी फाइवा टोपली घेऊन थेट घरी आला. मी विचारलं, "चिठ्ठी?" तो म्हणाला, "टोपलीत अळकुड्या आहेत. चिठ्ठी उकडून खाता येत नाही, म्हणून दिली नसेल." मग ओसरीवर बसून माडी प्यायला आणि दोन करवंट्या झाल्यावर त्याला तुझा निरोप आठवला. तो तारा पाठवून दे, तेपोलाच्या थडग्याशी ठेवायचाय.

अळकुड्या छान होत्या. तिथली माती काळी आहे, इथल्या खड्ड्यांत एवढ्या मोठ्या होत नाहीत. आईने तीन खाल्ल्या आणि म्हणाली, "हात पेलेचा आहे." शिजवल्या मी होत्या.

ताऱ्याचं असं आहे की ते कापड कचेरीचं आहे. मी काढलं म्हणून माझं होत नाही. उद्या कोणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. तो नीट ठेवलेला आहे, एवढंच आत्ता सांगतो.

तेपोलाच्या अंगावरचे खडे तू बदललेस, असं फाइवा म्हणाला. किनाऱ्यावरून पांढरे वेचून आणतेस, गोड्या पाण्यात धुतेस, मग पसरतेस. मला दिसतं ते. आपण तिथून निघालो त्या दिवशीही तू तेच करत होतीस आणि होडी थांबून होती. आपल्या घराची पाळी संपली होती, दुसरं घर यायचं होतं. तू म्हणालीस, "पोर इथे आणि आपण तिथे, असं कसं? थडगं घराला लागून असतं ते कशासाठी? संध्याकाळी तिला आपले आवाज ऐकू यावेत म्हणून ना?" मी प्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. मी म्हणालो, बरं.

मी तेव्हा तुला समजावलं होतं की देवाला सगळी बेटं जवळच असतात. अजूनही तसंच मानतो. पण तू पांढरे खडे घेऊन उकिडवी बसली होतीस, तेव्हा ते बोलायला नको होतं.

नाताळात प्रार्थनाघरात तुझी जागा मोकळी राहील. बायका सरकून बसतील, पण मला कळेल.

लापाना


११ मार्च १९९६

प्रिय पेले,

आता सगळं निशाणच बदललंय. नवीन आलं, तांबडं, पांढरं, निळं. कोपऱ्यातलं ब्रिटिश निशाण गेलं, आभाळाचा रंगही गेला. तारे त्यावरही आठच आहेत. प्रार्थनाघराच्या पायरीवर म्हातारे रोज त्यावर भांडतात. एकाला आवडतं, बाकीच्यांना जुनं हवंय. मला कोणी विचारलं नाही. मी सकाळी चढवतो, संध्याकाळी उतरवतो. जुनं धुऊन, घडी घालून कचेरीतल्या पत्र्याच्या पेटीत ठेवलंय. कसर लागू नये म्हणून वाळवलेली तंबाखू घातलीय.

या पत्राबरोबर तारा पाठवतोय. तो माझ्या बायबलमध्ये होता. मागच्या पत्रात सांगितलं नाही, कारण मला तो द्यायचा नव्हता. कचेरीचं कापड हे कारण होतं, खोटं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. रात्री प्रार्थनेला पुस्तक उघडलं की तो हाताला लागायचा.

तुला आठवतं का, निउलाकितावर शाळेपुढे आपण माडाचा सोट रोवून त्यावर कचेरीतून नेलेलं हेच जुनं निशाण लावायचो? तेपोला तेव्हा पाच वर्षांची असेल. मी संध्याकाळी ते उतरवत होतो आणि ती पायात घोटाळत होती. "बाबा, आपलं बेट कुठलंय?" मी तिला खांद्यावर घेतलं. मला गावच्या शाळेतला नकाशा आठवला, भिंतीवरचा. उत्तर वर, दक्षिण खाली. मी बोट ठेवलं आणि म्हणालो, "हे बघ, सगळ्यात खालचं. आपण सगळ्यात दक्षिणेला आहोत ना, म्हणून."

तेव्हापासून रोज निशाण उतरलं की ती येऊन त्या ताऱ्यावर तळहात ठेवायची. "झोप आता." मग मी घडी घालायची. तिचा तळहात होऊन जाईपर्यंत मला घडी घालायला परवानगी नव्हती.

ताप चढला त्या आठवड्यात मी तीन दिवस निशाण उतरवलंच नाही. जहाज उत्तरेच्या फेरीला गेलं होतं. निशाण पावसात तसंच राहिलं. तू म्हणायचीस, "निशाणाचं काय घेऊन बसलायस?" मला ते उतरवताना तिला सांगावं लागलं असतं आणि तिला उठता येत नव्हतं.

हे मी कधी बोललो नव्हतो. तारा नीट ठेव. पिवळं कापड उन्हाने लगेच विटतं.

तुझा,
लापाना


२ सप्टेंबर १९९६

पेलेनिके,

फाइवाने तुझा निरोप किनाऱ्यावरच दिला, सगळ्यांच्या देखत. मी विचारलं, "बायको काय म्हणते?" तो म्हणाला, "म्हणते, छपराला नवी झावळं घातली, घर कोरडं आहे. मी म्हटलं, मग नवऱ्याला काय सांगू? तर म्हणाली, त्याला सांग, सरकारचा आदेश आला की ये."

वल्हेकरी हसले. एक जण म्हणाला, "लापाना, रेडिओजवळ बस रे, तुझं नाव येईल." मीही हसलो. मला हसावंच लागलं.

तू तिथून बोलतेस, इथे मी ऐकतो. आईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. मी मोठा मुलगा आहे. मोठ्याने आईपाशी राहायचं, हे मी ठरवलेलं नाही. तिला विहिरीकडे, प्रार्थनाघराकडे कोण नेणार? बहिणीच्या घरात सात माणसं आहेत. तू माझी बायको आहेस, तू इथे यायला हवंस असं म्हणणारेही आहेत. पाद्रीबाबांनीच मागच्या रविवारी मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हणालो, ती आजारी नातलगाजवळ आहे. ते म्हणाले, कोण आजारी आहे? प्रार्थनाघराच्या दारात उभा राहून मी पाद्र्याशी खोटं बोललो, तुझ्यामुळे.

हे वाक्य खोडायला हवं, पण शाई संपत आलीय.

फाइवाने असंही सांगितलं की तू तारा काचेच्या बरणीत घालून, झाकणाला मेण लावून तेपोलाच्या डोक्याशी ठेवलायस. संध्याकाळी तू बरणीवर हात ठेवतेस, असं तो म्हणाला. हे सांगताना तो चेष्टा करत नव्हता.

झावळं दाट घातलीस ना? दक्षिणेकडचं छप्पर नेहमी गळायचं.

लापाना


१४ एप्रिल १९९७

प्रिय पेले,

तुझ्या कानावर आलंच असेल. जुनं निशाण परत आलं. नऊ तारे. रेडिओवर सांगितलं त्या रात्री इथे गावाच्या सभाघरात नाच झाला, लाकडी पेटीवर थाप मारून मारून पोरांचे तळहात सुजले. आईसुद्धा बसल्या बसल्या हात हलवत होती.

मी कचेरीतल्या पेटीतून जुनं निशाण काढलं. तंबाखूचा वास आहे, पण कसर नाही. खालच्या ताऱ्याच्या जागी कापड अजून गडद निळं होतं, ताऱ्याच्याच आकाराचं. तुझ्याकडचा परत मागायचा प्रश्नच नव्हता. मी नवीन कापून लावला. पिवळं कापड घरातच मिळालं. तुझे काइतूमामा सोबतीला होते. तारा जागेवर बसला.

बाकी सगळं ठीक. आईला खोकला आहे.

तुझा,
लापाना


२० एप्रिल १९९७

पेले,

जहाज अजून आलेलं नाही, त्यामुळे मागचं पत्र आणि हे तुला एकदमच मिळेल. मागचं आधी वाचलं असशील. त्यात "सगळं ठीक" असं लिहिलंय, ते खरं नाही. मी ते फाडून टाकणार होतो, पण मग तुला कसं कळणार की आठवडाभर मी काय लपवायचं ठरवलं होतं?

पहिली गोष्ट. पिवळं कापड म्हणजे तुझा नाचाचा झगा. तू तो खुंटीवर ठेवून गेलीस. मागच्या बाजूचा घेर कापलाय, पुढून अजून घालता येईल. आता दुसरी.

मी निशाण प्रार्थनाघराशेजारच्या सभाघरात जमिनीवर पसरलं होतं. सुई उजेडात ओवावी म्हणून दारं उघडी होती. तुझे काइतूमामा काठी टेकत आले. त्यांचा गुडघा आता वाकत नाही, म्हणून ते उभे राहून देखरेख करत होते. मी खालच्या कडेला तारा बेतून टाके घालत होतो.

मामा म्हणाले, "चला. नानुमेआ बेट परत आलं म्हणायचं."

मी म्हणालो, "नानुमेआ कशाला? निउलाकिता."

"कुठे?"

"हा काय. मी लावतोय तो."

मामा हसायला लागले. खोकेपर्यंत हसले. म्हणाले, "अरे, मी तीस वर्षं जहाजावर काढली, तू मला बेटं शिकवतोस? नानुमेआवाल्यांना सांगू नकोस, होड्या घेऊन येतील." मग त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांचं हसू थांबलं.

"इकडे ये," ते म्हणाले. "सुई ठेव खाली. ही वरची कड म्हणजे पूर्व, सूर्य उगवतो ती. दोरीची बाजू म्हणजे उत्तर. ज्याने हे तारे मांडले त्याने आडवे मांडलेत, तुझ्या शाळेच्या भिंतीसारखे नाहीत. इथे, फडकत्या टोकाशी उभा राहा. आता दोरीकडे बघ."

मी तसा उभा राहिलो, पेले. आणि बेटं आपोआप जागेवर गेली, जहाजाच्या टोकावरून दिसावीत तशी. समोर लांब, दोरीच्या बाजूला, उत्तरेचं नानुमेआ, आपलं निउताओ, त्यांच्या अलीकडे एकेक करत फुनाफुती, आणि सगळ्यात शेवटी, माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याशी, एकटा एक तारा.

मी विचारलं, "हा?"

"हे निउलाकिता. दोरीपासून सगळ्यात लांब. तुमचा तारा कधी हललाच नाही, लापाना."

"मग मी काढला तो नानुमेआचा?"

"हो. ती मंडळी दीड वर्ष नव्हती आणि त्यांना पत्ता नाही." ते पुन्हा हसायला बघत होते, पण त्यांना जमलं नाही. त्यांना बरणीचं माहीत आहे. फाइवाने सगळ्या बेटाला सांगितलंय.

मी तारा तसाच लावला. जिथे होता तिथेच त्याची जागा आहे, मी चुकीच्या नावाने काढला एवढंच. शेवटचा टाका मी फारच घट्ट ओढला. मामा म्हणाले, "ताण देऊ नकोस, कापड जुनं आहे."

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? तुला कळवू नये असं मी ठरवलं. तेपोलाच्या डोक्याशी दुसऱ्या बेटाचा तारा आहे. तू रोज त्याच्यावर हात ठेवतेस. ती पण रोज त्याच्यावरच हात ठेवायची, कारण तिच्या बापाने खांद्यावर घेऊन तोच दाखवला होता. हे तुला कळून काय उपयोग? तुझ्याकडे तेवढंच आहे आणि तेही मी काढून घेऊ? म्हणून मी लिहिलं, सगळं ठीक.

पण मामांना माहीत आहे, म्हणजे पुढच्या फेरीत फाइवाला कळणार आणि तो ते तुला किनाऱ्यावर सांगणार, सगळ्यांच्या देखत. त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

एक दिवस मला असंही वाटलं की हे सांगितलं की तू परत येशील. बघ, मी तुझा तारा काढलाच नव्हता. तो सगळा वेळ तिथेच होता. आपण उगाच भांडलो. हे मी मनात दोनदा-तीनदा म्हणून पाहिलं आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत डोळे मिटले तेव्हा मला तूच दारात उभी दिसलीस. तू विचारलंस, "तो कोणाचा?" आणि मी म्हणालो, "आपला." तारा चुकला होता, पेले. उत्तर चुकलं नव्हतं. मी आपलाच समजून कापत होतो.

अजून एक आहे, ते लिहू की नको असं झालंय. निशाणाची फडकती कड सगळ्यात आधी विरते, वारा तिलाच खातो. इतकी वर्षं दर पावसाळ्याआधी मी निशाण उतरवून बघायचो, तर त्या टोकाच्या ताऱ्याचेच टाके सुटलेले असायचे. दर वेळी तोच. मी वैतागायचो. तूच एकदा म्हणाली होतीस, "दुहेरी दोरा घे, म्हणजे टिकेल." ते टाके दर वर्षी मी घालत होतो, तुझ्या दोऱ्याने. कोणाला शिवतोय ते मला माहीत नव्हतं.

लापाना


६ मे १९९७
निउलाकितासमोर, जहाजावरून

प्रिय पेले,

लाट मोठी आहे म्हणून होड्या सोडायला उशीर होतोय. तेवढ्यात लिहून घेतो. हे पत्र फाइवा पहिल्या होडीतून घेऊन येईल. आधीची दोन्हीही त्याच्याजवळच आहेत, वाचताना क्रम चुकवू नकोस. मी त्याला सांगितलंय की या वेळी तोंडी निरोप नाही. तो म्हणाला, "मग मला माडी कोण पाजणार?"

मी प्रमुखांकडे गेलो होतो. म्हणालो, "मी निउलाकिताला राहायला जातोय."

ते म्हणाले, "तुझ्या घराची पाळी नाही, लापाना. पुढच्या वर्षीही नाही."

"माहीत आहे."

"मग तुला जायला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही."

ते मग म्हणाले, "पाळी नसताना गेलास तर खोबऱ्याचा वाटा मिळणार नाही. आणि परत आलास तर कचेरीतली जागा राहणार नाही."

मी म्हणालो, "बरं."

निशाणाची दोरी मी त्यांच्याच हातात दिली. जवळ दुसरं कोणी नव्हतं.

आईला सांगणं राहिलं होतं. मी तिला ओसरीवर आणून बसवलं, तुझ्या चटईवर. ती हाताने कड चाचपत होती, जिथे तू पात सोडून गेलीस तिथे.

"आई, मी पेलेकडे जाऊ का?"

"मला कशाला विचारतोस? मी सरकार आहे का?"

"तुझं कोण बघणार?"

"तुझी बहीण बघेल. तिला मासा शिजवता येतो, हा एक फायदा." नंतर माझं मनगट धरून म्हणाली, "मी गेले की जहाज तिकडे बातमी घेऊन येईपर्यंत लोकांनी माझ्यावर खडेसुद्धा पसरलेले असतील. तुला माती द्यायला मिळणार नाही. तेव्हा रडायचं असेल तर आत्ताच रड, मला ऐकू येतंय तोवर."

मी रडलो, पेले. तिच्या मांडीवर डोकं ठेवून. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि मोजल्यासारखं म्हणत होती, "केस गेले की रे सगळे." मग म्हणाली, "पुरे. चुलीवर भात आहे, करपेल." खोकला अजून गेलेला नाही. तिची शाल मी बहिणीकडे दिली आणि मुलांना सांगितलं की संध्याकाळच्या प्रार्थनेला आजीला पुढच्या रांगेत बसवा, मागे तिला ऐकू येत नाही.

होडी कडेच्या खडकांवरून बाहेर पडली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. प्रमुखांनी निशाण चढवलं होतं, जरा वाकडं. ते फडकत होतं आणि टोकाचा तारा सगळ्यात जास्त हलत होता. लांबून नऊ दिसत नव्हते, पण तो दिसत होता. जहाजावर चढेपर्यंत तो मला दिसत राहिला.

बरणी आहे तिथेच राहू दे. मी सगळ्या रस्त्याने त्यावर विचार केला. तेपोलाने तिच्या तळहाताने ज्याला झोपवलं तो तोच तारा आहे. नानुमेआचा असला म्हणून काय झालं? पाहुणा आहे, लांबून आलाय, राहू दे. आपला दुसरीकडे आहे आणि सुरक्षित आहे. मी शिवलाय तो, दुहेरी दोऱ्याने.

तू किनाऱ्यावर आलीस तर येशील. नाही आलीस तरी मला वाट माहीत आहे. मी आधी तिच्याकडे जाईन. येताना निउताओच्या किनाऱ्यावरचे पांढरे खडे एका पिशवीत आणलेत. तिथल्यापेक्षा बारीक आहेत, तुला आवडतील की नाही माहीत नाही. मी आधी कधी वेचले नव्हते. खूप वेळ लागतो त्याला, हे मला माहीत नव्हतं.

तुझी चटईही आणलीय, अर्धी आहे तशी. पातही आणलीय, वाळून कडक झालीय, भिजवावी लागेल.

पहिली होडी खाली सोडतायत. फाइवा हाक मारतोय. मी शेवटच्या होडीत, तांदळाच्या गोण्यांबरोबर उतरतोय. तिथे कोणी विचारलं तर सांग की याला इथे कोणी पाठवलेलं नाही.

लापाना